बुवांची काळी जाळी

आमच्या बुवांसमोर 'सेम टु सेम' म्हणायची सोय नव्हती. घोडपदेवच्या नाक्यावरचा नारळवाला एकदा हे शब्द बोलून बसला, आणि बुवा दोन नारळ दोन कानांना लावून भर रस्त्यात उभे राहिले. मग उजवा नारळ डाव्या कानाला, डावा उजव्या कानाला. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी मला जवळ बोलावून म्हणाले, "आयक. ह्यो नारळ घाबरलेलो हा." घाबरलेला नारळ कसा वाजतो हे मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी ऐकवलं असतं. दुसरा, न घाबरलेला नारळ घेऊन आम्ही घरी आलो. तो सडका निघाला. "मगे? सडलेल्याक भीती कसली?" बुवा म्हणाले.

बुवा म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे बुवा. आठवडाभर शिवडीच्या एका गोदामात माल उतरवून घ्यायची नोकरी, आणि रविवारी पेटी पुढ्यात ओढली की गाणं. मी त्यांच्याच चाळीत, त्यांच्याच मजल्यावर राहायचो. लोअर परळच्या एका काचेच्या ऑफिसात लोकांचे बंद पडलेले संगणक चालू करून द्यायचो आणि संध्याकाळी बुवांच्या मागे बसून टाळ वाजवायचो. कॉम्प्युटरमध्ये काम करतो म्हणजे वायर असलेल्या सगळ्या वस्तू मला कळतात असा त्यांचा समज होता. तिथूनच सगळं सुरू झालं.

एका कार्यक्रमात स्टेजवरचा स्पीकर उलट्या तोंडाने ठेवला होता आणि बुवांना स्वतःचा आवाज ऐकू येईना. पखवाज आणि झांजांच्या गदारोळात ते अंदाजाने गात राहिले. साउंडवाल्याला दया आली. त्याने आपल्या बॅगेतून कानात घट्ट बसणारे छोटे मॉनिटर काढले, हल्ली स्टेजवरचे गायक घालतात तसे, आणि बुवांच्या कानांत बसवले. बुवांनी एक ओळ म्हटली आणि थांबले. त्यांना स्वतःचा गळा थेट डोक्यात ऐकू आला होता. कार्यक्रम संपल्यावर ते साउंडवाल्याला ती वस्तू परत देईनात. वयनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मध्ये पडून ती कानातून उपसून काढली.

मग मी त्यांना तसलीच एक जोडी मागवून दिली. आकार काजूगरासारखा, म्हणून बुवांच्या तोंडी त्यांचं नाव काजू पडलं. काजूच्या टोकाला मुगाएवढी एक नळी, आटे पाडलेली, आणि तिच्या तोंडावर बारीक जाळी. ही जाळी फिरवून काढायची आणि दुसरी बसवायची, की आवाज बदलतो. डब्यात तीन जोड होते. चंदेरी लावली की टाळ पुढे येतो, सोनेरी लावली की गळा, आणि काळी लावली की सगळं जाड आणि जवळचं ऐकू येतं. असं मला वाटायचं. बुवांना काय काय वाटायचं ते सांगायचं तर एक अख्खा चातुर्मास लागेल.

तरी इथवर ठीक होतं. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने त्याच काजूंची नवी जोडी काढली. तोच आकार, तोच रंग, डब्यावर फक्त एक अक्षर जास्त. ग्रँट रोडचा दुकानदार म्हणाला, "काका, पुरानावाला है ना? तो रहने दो. सेम टु सेम है." आम्ही नवी जोडी घेऊन घरी आलो.

त्यानंतर बुवांच्या खोलीतल्या रविवारची रयाच गेली. येईल त्याला बसवायचं, एक काजू जुन्यातला आणि मग एक नव्यातला कानात द्यायचा, आणि विचारायचं, "काय फरक वाटता?" विम्याचा हप्ता मागायला आलेला माणूस, पेढे द्यायला आलेली वरच्या मजल्यावरची मुलगी, सत्यनारायणाचं आमंत्रण घेऊन आलेले शेजारी, कोणीही सुटत नसे. लोक बिचारे चहाच्या मिंधेपणाने म्हणायचे, "दोन्ही छान आहेत." मग बुवा मान हलवायचे. "दोन्ही छान म्हणणाऱ्या माणसाचा काय खरा नसता. तो दोन्ही घरची लग्ना जेवतलो."

स्वतः ते नारळाच्या रसात बोलायचे. जुन्या काजूंत सोनेरी जाळी म्हणजे पहिल्या पिळाचा रस. नव्यात तीच जाळी म्हणजे दुसऱ्या पिळाचा. मी विचारलं, "आणि नव्यात चंदेरी?"

"तो चोथो," बुवा म्हणाले. "कोंबड्यांका घालूक."

एवढ्या लोकांच्या कानात जाऊन आलेली काजूंवरची रबरी टोपणं वयनी उकळून काढायच्या. चहाच्या टोपात. "दुसऱ्याच्या कानातली घाण माझ्या घरात नको," हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण टोप वेगळा ठेवायला त्या तयार नव्हत्या. आमचा पखवाजवाला एका रविवारी कप खाली ठेवून म्हणाला, "वयनी, आज चहा जरा लवचिक झालाय."

या पखवाजवाल्याने आणि मी मिळून एकदा बुवांना टोपी घातली. त्यांच्या डोळ्यांवर पंचा बांधला, जुने काजू कानात दिले, मग मध्ये चहा पाजला आणि पुन्हा तेच जुने काजू दिले. जाळीसुद्धा बदलली नाही. बुवा बराच वेळ ऐकत बसले. म्हणाले, "दुसरो बघ किती मोकळो. दार उघडल्यासारखो." आम्ही गडाबडा लोळलो. पंचा सोडून त्यांना खरं सांगितलं. कोणीही माणूस ओशाळला असता. बुवांचा चेहरा उजळला. "म्हणजे मधल्या वेळात मीच बदललंय! चाय पिलंय ना मगाशी!" त्या दिवसापासून ऐकण्याआधी चहा बंद झाला. आमचासुद्धा.

पण हा माणूस नुसता ढोंगी होता असं म्हणायचीही सोय नाही. काळ्या जाळीतली एक हरवली तेव्हाची गोष्ट. बुवांनी खोली पालथी घातली. वयनींनी निवडलेले तांदूळ परत निवडले, झाडणाऱ्या बाईची झडती घेण्यापर्यंत मजल गेली, आणि वयनींनी दटावल्यावर थांबली. पुढच्या तालमीत पखवाजवाल्याने नेहमीसारखी डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, ओली कणीक थापली आणि पहिली थाप मारली. आम्हाला काही वेगळं वाटलं नाही. बुवांनी हात वर करून गाणं थांबवलं. "डाव्यात कोणतरी बोलता." पखवाजवाला चिडला, म्हणाला, पुडी नवीन आहे. बुवा उठले, कणकेत बोट घातलं, आणि मुगाएवढी काळी जाळी बाहेर काढली. वयनींनी मळलेल्या गोळ्यात ती कशी गेली देव जाणे. बुवांनी ती धोतराला पुसली आणि आमच्याकडे असं पाहिलं की पुढचा महिनाभर आम्हाला तोंड वर काढता येईना.

आता लालबागच्या बुवांबद्दल सांगायला हवं. ते आणि आमचे बुवा एकाच गुरुजींकडे शिकलेले. एका सतरंजीवर बसून, एकाच पेटीवर. गुरुजी गेले आणि लोक म्हणायला लागले, डोळे मिटले तर कळत नाही, घोडपदेवचा गातोय की लालबागचा. लोकांनी कौतुकाने म्हटलं होतं. दोघांनाही ते झोंबलं. प्रत्येकाला वाटे, गुरुजींचा गळा माझ्याकडे आला, दुसऱ्याने नक्कल केली. बोलणं थांबलं. लालबागचे बुवा गाणार असले की आमचे बुवा त्या गल्लीतूनसुद्धा जात नसत. इतकी वर्षं त्यांनी त्यांचा एक सूर कानावर पडू दिला नव्हता.

तर परळच्या एका मंडळाने या दोघांची डबलबारी ठरवली. डबलबारी म्हणजे दोन बुवा, दोन मंडळं, एकच स्टेज. पहिल्याने गायचं, गाता गाता दुसऱ्याला चिमटे काढायचे आणि पुराणातला एखादा प्रश्न टाकायचा. दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यायचं आणि चिमटे व्याजासकट परत करायचे. निकाल कोणी जाहीर करत नाही. कोण हरलं ते हॉलला कळतं.

मंडळाचा सेक्रेटरी बोलणी करायला आला होता. काजू कानात घालून झाले, चहा झाला, आणि उठता उठता तो म्हणाला, "पहिली बारी कोणी घ्यायची ते तुम्हीच ठरवा. आम्हाला काय, तुम्ही दोघं सारखेच."

बुवांनी पेटीचा भाता खाडकन बंद केला.

"सारखे? बरा. आयका. त्या दिवशी जर तो माझ्यापेक्षा बरो ठरलो, तर मी पेटी ठेवतंय. परत गाणार नाय. जा, सांगा सगळ्यांका."

सेक्रेटरीने खरंच सगळ्यांना सांगितलं. परळपासून काळाचौकीपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. आम्ही हसण्यावारी नेलं, पण वयनी हसल्या नाहीत. त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तू समजाव रे त्यांका. गाणा सुटला तर ह्यो माणूस जगाचो नाय. आणि जगलो तर माका जगूक देवचो नाय."

समजावणार कसलं! बुवा तयारीला लागले होते, आणि तयारी गाण्याची नव्हती, जाळीची होती. जुने काजू की नवे, सोनेरी की काळी, पातळ रबर की स्पंजाचं. अखेर ठरलं, जुने काजू, काळी जाळी, स्पंजाची टोपणं. साउंडवाल्याला त्यांनी ताकीद दिली, "माझ्या कानात माझो माईक सोडून दुसरा कायेक येता नये. माशी पण नको." तालमीत हे फारच सुंदर जमलं. बुवा असे गायले की चाळीतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली. तालमीत समोर दुसरा बुवा नसतो, हे मात्र आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

रविवार दुपार. हॉल भरलेला, दारात उभे राहिलेलेही बरेच. आमचे बुवा विंगेत कान ओढून ओढून काजू बसवत होते. बसले एकदाचे. वायर फेट्याखालून मागे नेली आणि ते स्टेजवर येऊन पेटीपुढे देवासारखे बसले. पहिली बारी लालबागच्या बुवांची. आमचा माईक बंद, त्यामुळे बुवांच्या कानात स्मशानशांतता.

लालबागचे बुवा रंगात आले तसे त्यांनी आमच्याकडे बोट केलं. "समोरच्या बुवांका माझो आवाज सोसना नाय, म्हणान कानात बूच मारून बसलेहत!" हॉल कोसळला. आमच्या बुवांना लोक हसताना दिसले. समोरच्याचा काहीतरी घोटाळा झाला असावा असं समजून त्यांनी मोठ्या मनाने हात वर करून दाद दिली. हॉल आणखी कोसळला. मी मागून त्यांच्या पाठीला टाळ टोचला. त्यांना वाटलं, मी पाय मोकळे करतोय. ते थोडे पुढे सरकले.

मग लालबागच्या बुवांनी प्रश्न टाकला. गोकुळात मुरली वाजली, गोपींनी ऐकली, गाईंनी ऐकली, यमुनेने ऐकली. मग ती ऐकू आली नाही असा गोकुळात एकच कोण? आणि बारी संपवून त्यांनी नमस्कार केला.

आमची बारी सुरू झाली. माईक उघडला. बुवा अप्रतिम गायले हे मला शपथेवर सांगता येईल. अभंग झाला, गजर झाला, आणि उत्तराचं नाव नाही. लोक हात हलवून "उत्तर! उत्तर!" करायला लागले. बुवा हसले आणि तोच गजर पुन्हा म्हटला. मागे आमचं मंडळ घामाघूम. हा माणूस एका प्रश्नापायी पेटी गमावणार, आणि त्याला प्रश्न होता हेच माहीत नाही! हाका मारून उपयोग नव्हता. त्यांच्या कानात जायचा एकच रस्ता होता, त्यांचा माईक. मी गुडघ्यांवर सरकत पुढे गेलो, माईकपाशी तोंड नेलं आणि कुजबुजलो, "बुवा, प्रश्न! त्यांनी प्रश्न विचारलाय!"

ते हॉलच्या सगळ्या भोंग्यांतून दणदणीत ऐकू आलं.

बुवा दचकले. मागे न बघता माईकमध्येच ओरडले, "खयचो प्रश्न? माका तर तो नुसतो तोंड हलवताना दिसलो!"

त्या हॉलचं छप्पर कसं राहिलं ते मला कळत नाही. लोक खुर्च्यांवरून घसरले. लालबागचे बुवा डोळे पुसत उठले, स्टेज ओलांडून आमच्याकडे आले आणि आमच्या बुवांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. त्यांनी माईक स्वतःकडे वळवला आणि तो प्रश्न पुन्हा म्हटला. सुरात, चालीसकट.

आमच्या बुवांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी डोळे मिटले. उत्तर त्यांनी लगेच दिलं, जवळजवळ बेफिकिरीने. "ज्याच्या ओठार मुरली होती, तेकाच ती आयकाक इली नाय. वाजवणारो वाजवी होतो, तो आयकतलो कधी?" टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या झाल्या. हॉल आमचा झाला होता. वयनी पहिल्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि मी पखवाजवाल्याला मिठी मारली होती.

बुवांचं लक्षच नव्हतं. ते लालबागच्या बुवांना म्हणाले, "परत म्हण."

"काय?"

"तीच ओळ. परत म्हण."

लालबागच्या बुवांनी म्हटली. बुवा मान तिरपी करून ऐकत होते. पुन्हा म्हणायला लावली. मग त्यांनी डोळे उघडले आणि माईक उघडा आहे याची पर्वा न करता म्हणाले, "खाली येताना गुरुजींचो आवाज वायच बसायचो. उतरताना जिन्याचो कठडो धरतत तसो. तो तुझ्यात हा. माझ्यात नाय. मी तो घासून घासून सरळ केलंय." मग म्हणाले, "आपलो आवाज सारखो नाय. तुझो बरो हा."

आता हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं. जिंकलेली बारी हा माणूस आपल्या हाताने देऊन मोकळा झाला होता, आणि पैजेचं सगळ्यांना माहीत होतं. मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. खोटं बोलायचं नव्हतं तर गप्प तरी बसायचं!

 लालबागच्या बुवांनी आमच्या बुवांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हरलंस म्हणतंस? मग मी मागान ता दी. पेटी नको माका. तू गा. ते कानातले काजू दी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या मनाच्या माणसाने मोठ्या मनाने काढलेली वाट होती ती. पहिल्या रांगेतून वयनी ओरडल्या, "देऊन टाका हो! एकदाचे देऊन टाका!"

बुवांचा हात कानाकडे गेला. तिथेच थांबला. त्यांनी पेटीकडे पाहिलं. सागवानी, भात्याच्या कडा झिजलेली, त्यांच्या बोटांनी काळवंडलेली पेटी. मग पुन्हा कान चाचपला.  बुवांनी भात्याचा चाप लावला आणि पेटी दोन्ही हातांनी हलकेच लालबागच्या बुवांपुढे सरकवली.

आधी एक जण हसला, मग सगळा हॉल. मला हसू आलं नाही.  तो माणूस त्या पेटीवर जगला होता, आणि ती देताना त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं याचंच मला जास्त वाईट वाटलं. पुढे कितीतरी दिवसांनी मी धीर करून विचारलं, बुवा, असं का केलंत? ते म्हणाले, "गाणारे ढिगान हत रे. नीट आयकणारो तेका कोणच नव्हतो."

बुवा परत गायले नाहीत. मीही आता त्या चाळीत राहत नाही, पण लालबागच्या बुवांचा कार्यक्रम असला की जातो. आमच्या बुवांसाठी पहिल्या रांगेत कडेची खुर्ची राखून ठेवलेली असते. साउंडवाला स्टेजवरून एक लांब वायर ओढून त्यांच्या हातात देतो. ते काजू बसवतात, डोळे मिटतात आणि उजवा हात वर करतात. तो हात वर झाल्याशिवाय लालबागचे बुवा पेटीला बोट लावत नाहीत.

परवाच्या कार्यक्रमात हात वर होईना. लालबागच्या बुवांचा पखवाजवाला थाप मारायला हात उचलून तसाच बसलेला. लोक चुळबुळायला लागले. कोणीतरी मागून विचारलं, "वीज गेली काय?" मी वाकून पुढे गेलो. बुवा मान खाली घालून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, काजूच्या जाळीचे आटे फिरवत होते.

"बुवा, अख्खा हॉल थांबलाय."

"थांबांदे. तेचो गळो आज वायच बसलो हा. काळी काढून सोनेरी लावतंय. तेका बरा पडात."

जाळी यांच्या कानात आणि गळा त्यांचा, तर त्यांना बरं कसं पडणार, हे मी विचारणार होतो. पण स्टेजवर पाहिलं तर लालबागचे बुवा पेटीपुढे हात जोडून बसले होते, आणि त्यांना काही घाई दिसत नव्हती.